अर्धा गुण कुठे गेला?

प्रश्न : बाई, माझी मुलगी नववीत आहे. चाचणीत प्रश्न होता : समद्विभुज काटकोन त्रिकोणाचा कर्ण १ सेमी आहे, तर उरलेल्या बाजूंची लांबी काढा. तिनं पायथागोरस लावून १/√२ सेमी उत्तर काढलं. सरांनी अर्धा गुण कापला आणि शेजारी लाल पेनानं फक्त 'छेद?' असं लिहिलं. मी कॉमर्सची, म्हणून शाळेत भांडायला जाण्याआधी तुम्हाला विचारते. भूमितीच्या पुस्तकातल्या तक्त्यात साइन ४५° ची किंमत १/√२ अशीच छापली आहे. पुस्तकाला जे चालतं ते माझ्या मुलीला का चालू नये? (एक आई, भांडुप)

उत्तर : भांडुपच्या ताई, भांडायला जाऊ नका, विचारायला जरूर जा. मुलीचं उत्तर बरोबर आहे. १/√२ आणि √२/२ या दोन संख्या नाहीतच. घरी बाळू आणि ऑफिसात बाळकृष्ण, तसा हा प्रकार आहे. प्रश्नात 'छेदाचे परिमेयीकरण करा' (म्हणजे छेदातलं मूळ घालवा) किंवा 'उत्तर सरळ रूपात लिहा' असं म्हटलं असेल, तर सांगितलेलं काम राहिलं म्हणून अर्धा गुण गेला, त्यात सरांचं काही चुकलं नाही. तसं म्हटलं नसेल, तर माझ्या मते तो गुण तिला मिळायला हवा.

हे आज म्हणते आहे मी. परळच्या ज्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं तिथल्या जुन्या उत्तरपत्रिका कुणी उकरून काढल्या, तर माझ्याही लाल पेनातले 'छेद?' ढिगानं सापडतील. त्या सगळ्या अर्ध्या गुणांची बेरीज केली तर दोनचार पोरं नापासाची पास झाली असती. कुणी विचारलंच तर माझं उत्तर ठरलेलं होतं : 'छेदात करणी, म्हणजे √२ सारखं न सुटणारं मूळ, ठेवत नाहीत.' का ठेवत नाहीत? 'पद्धत आहे.' चपला दाराबाहेर काढतात, तशी पद्धत.

पण पद्धतीला कारण होतं, आणि ते आमच्या पिढीनं हातानं भोगलेलं आहे. मी अकरावी मॅट्रिकला बसले तेव्हा कॅल्क्युलेटर कुणी पाहिलेला नव्हता. √२ म्हणजे १.४१४२ हे पाठ. आता १/√२ काढायचं म्हणजे १ ला १.४१४२ नं भागायचं. मुलीला एकदा कागदावर करायला सांगा. १४१४२ किती वेळा जातो याचा दर पायरीला अंदाज, मग गुणाकार, मग वजाबाकी. एवढं करून वर्गमूळ आणखी अचूक हवं म्हणून १.४१४२१३५६ घेतलं, तर भाजकच बदलला, सगळा भागाकार पुन्हा पहिल्यापासून. त्याऐवजी अंश आणि छेद दोन्ही √२ नं गुणा. छेदात √२ × √२ म्हणजे २ येतात आणि वर √२ जातो. उरलं काय, तर १.४१४२ चं निम्मं : ०.७०७१. तोंडी. आणखी आकडे हवेत? १.४१४२१३५६ चं निम्मं ०.७०७१०६७८, पुढचे आकडे नुसते जोडायचे, आधी केलेलं काही वाया जात नाही. वेडीवाकडी, न संपणारी संख्या भाजक म्हणून नको, भाज्य म्हणून चालेल. सगळं परिमेयीकरण या एका गरजेतून आलेलं आहे. त्यात सोवळंओवळं काही नाही.

तुमच्या पत्रानं मला एक मुलगा आठवला. १९९६-९७ च्या सुमाराचा. वडिलांचं फोर्टात झेरॉक्सचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक मशीन, एक स्टूल. शाळा सुटली की हा परळहून गाडी पकडून तिथे जायचा आणि रात्री वडिलांबरोबर परत यायचा. वर्गात मागच्या बाकावर, बहुधा पेंगत. त्या दिवशी मी फळ्यावर हेच १.४१४२ चं निम्मं करून ०.७०७१ लिहिलं आणि हा उठून उभा. 'बाई, हा नंबर आमच्या मशीनवर आहे.'

वर्ग हसला. मीही हसले असेन. तो म्हणाला, 'खरंच. ए-३ चं ए-४ करायचं असलं की ७१ टक्क्यांचं बटण दाबायचं. ए-४ चं ए-३ करायचं तर १४१. सत्तर का नाही, पंचाहत्तर का नाही, ७१ च का, ते पप्पांना पण माहीत नाही.'

१४१ ऐकल्यावर मी सावध झाले, कारण तो तर √२ चाच चेहरा. पण का, ते मलाही चटकन सांगता येईना. 'उद्या सांगते,' म्हटलं. शिक्षकांची ही जुनी पळवाट. संध्याकाळी दादरच्या कागदाच्या दुकानातून ए-३ चा एक कागद आणला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरला.

तुम्हीही ए-४ चा कागद घेऊन बसा, तोही चालतो. पट्टीनं मोजलात तर २१० मिमी रुंद, २९७ मिमी लांब. लांबीला मधोमध दुमडून फाडला की दोन कागद मिळतात, आणि त्या प्रत्येकाचा आकार, म्हणजे लांबी-रुंदीचं गुणोत्तर, मूळ कागदासारखंच असतं. ए-३, ए-४ या मालिकेतली सगळी करामत एवढीच. २९७ भागिले २१० करा, १.४१४ येतं, म्हणून आता मूळ कागदाची रुंदी १ माना, लांबी √२. दुमडल्यावर काय झालं? मूळ कागदाची जी रुंदी होती, १, ती नव्या कागदाची लांबी झाली. आणि नवी रुंदी म्हणजे जुन्या लांबीचं निम्मं, √२/२.

आता झेरॉक्स मशीनच्या जागी स्वतःला ठेवा. मोठ्या कागदावरचं चित्र छोट्यावर बसवायचं आहे. लांबी √२ वरून १ वर आणायची, म्हणजे १/√२ नं गुणायचं. रुंदी १ वरून √२/२ वर आणायची, म्हणजे √२/२ नं गुणायचं. मशीनला बटण मात्र एकच आहे. लांबीला एक टक्केवारी आणि रुंदीला दुसरी लावली तर वर्तुळाचं अंडं होईल. म्हणजे १/√२ आणि √२/२ एकच असलं पाहिजे. जे मी इतकी वर्षं 'अंश-छेदाला √२ नं गुणा' म्हणून फळ्यावर ओरडत होते, ते कागद दुमडून हातात येत होतं. ए-३ ते ए-४ चे खरे आकडे बघा : २१० भागिले २९७ म्हणजे ०.७०७०७, आणि २९७ भागिले ४२० म्हणजे ०.७०७१४. मिलिमीटर पूर्णांकात ठेवल्यामुळे पडलेला एवढासा फरक. दोन्ही ७१ टक्के.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी वर्गात त्याच्याच हातात दिला. त्यानं दुमडला, फाडला, आणि मग वर एक गोष्ट सांगितली जी मला सुचली नव्हती. दुकानात एक गिऱ्हाईक आर्किटेक्टकडचा नकाशा घेऊन आलं, म्हणालं, 'याचं अर्धं करून दे.' यानं ५० टक्के दाबलं. बाहेर आलं ते पाव. लांबी अर्धी, रुंदीही अर्धी, म्हणजे क्षेत्रफळ चतकोर. कागद अर्धा हवा असेल तर बाजू ७१ टक्के, कारण ०.७०७१ चा वर्ग ०.५. गिऱ्हाइकानं पैसे दिले नाहीत आणि वडिलांनी टपली दिली, हेही त्यानं सांगितलं. त्या महिन्याच्या चाचणीत त्यानं उत्तर १/√२ असंच ठेवलं होतं. मी गुण कापला नाही. इतरांचे कापले की नाही ते आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणजे कापले असणार.

या कागदांची कल्पना तशी जुनी आहे. लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकांनी ती १७८६ साली एका पत्रात मांडली, १९२२ साली जर्मनीनं तिचं मानक केलं आणि १९७५ साली ते आंतरराष्ट्रीय झालं. कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं चाललेल्या लीगल कागदाला हे जमत नाही. तो साडेआठ इंच बाय चौदा. गुणोत्तर १.६५ च्या जवळ. दुमडला की सात बाय साडेआठ, गुणोत्तर १.२१. म्हणून त्याचं अर्ध्या कागदावर केलेलं झेरॉक्स कधी नीट बसत नाही, एका बाजूला पांढरी पट्टी राहतेच.

आता तुमचा तक्ता. पुस्तकात १/√२ का ठेवलं आहे? आटोपशीर दिसतं म्हणून, आणि त्रिकोणाच्या बाजू १, १, √२ असल्यानं ते आकृतीवरून सरळ वाचता येतं म्हणून. त्यात गैर काही नाही. पण एकदा मुलीला तीच ओळ परिमेयीकरण करून लिहायला सांगा. साइनच्या किमती ०°, ३०°, ४५°, ६०°, ९०° साठी अशा आहेत : ०, १/२, १/√२, √३/२, १. पाठ करायला नकोशी ओळ. आता सगळ्यांचा छेद २ करा : √०/२, √१/२, √२/२, √३/२, √४/२. शून्य, एक, दोन, तीन, चार! ४५° ची किंमत √२/२ लिहिली नसती तर ही रांग दिसलीच नसती. माझ्या वर्गात हे फळ्यावर आलं की मागचे बाकसुद्धा 'हां' म्हणायचे, आणि तो 'हां' मला निवृत्तीनंतरही ऐकू येतो.

मनोऱ्याच्या उंचीच्या उदाहरणांतही तेच. उत्तर १०/√३ मीटर आलं आणि प्रश्नात √३ = १.७३ दिलं असेल, तर १.७३ नं भागत बसू नये. १०√३/३ करावं, १७.३ ला ३ नं भागावं, ५.७७ मीटर. पेपरात पाच मिनिटं वाचतात. सरांना भेटाल तेव्हा एवढंच विचारा, की गुण रूपासाठी कापला की उत्तरासाठी. आणि मुलीला माझ्याकडून सांगा, पायथागोरस छान लावला.

प्रश्न : १/√२ मध्ये छेदाला √२ नंच गुणतात. मग १/(√५ + √३) मध्ये छेदाला √५ + √३ नं गुणलं तर करणी का जात नाही? चिन्ह बदलायचं हे पाठ आहे, पण का बदलायचं ते क्लासमध्ये सांगितलं नाही. (नववीतला विद्यार्थी, गिरगाव)

उत्तर : तू करून बघितलंस आणि अडलास, हे मला फार आवडलं. पाठ करून सुटणारे अडत नाहीत आणि विचारतही नाहीत.

(√५ + √३) ला त्यालाच गुणलंस तर ५ + २√१५ + ३ आलं, म्हणजे ८ + २√१५. एक करणी घालवायला गेलास आणि दुसरी घरात आली. वर्ग झाल्यावर ५ आणि ३ दोघे सरळ झाले. त्रास देतंय ते मधलं २√१५. ते कुठून आलं? √५ × √३ एकदा इकडून, एकदा तिकडून. दोन्ही वेळा अधिक, म्हणून साचलं. एका बाजूला वजा कर, म्हणजे (√५ + √३)(√५ − √३). आता मधली पदं − √१५ आणि + √१५, एकमेकांना खाऊन टाकतात. उरलं ५ − ३ = २. या दोघांना अनुबद्ध जोडी म्हणतात ते यासाठीच. एकटं कुणी सरळ नाही, पण गुणाकार केला की करणी शिल्लक राहत नाही. उत्तर (√५ − √३)/२. पडताळून बघ : २.२३६ + १.७३२ = ३.९६८, आणि १ भागिले ३.९६८ म्हणजे ०.२५२. इकडे २.२३६ − १.७३२ = ०.५०४, त्याचं निम्मं ०.२५२. जुळलं.

हे सूत्र तू रोज वापरू शकतोस. ३१ रुपयांच्या २९ वह्या किती? ३० चा वर्ग वजा १ चा वर्ग, ८९९. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण अशा हिशेबात भाजीवाल्याला हरवायची. √५ आणि √३ च्या जागी ३० आणि १ ठेव, दुसरं काही नाही.

आणि ही युक्ती परदेशातून आलेली नाही. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ब्रह्मस्फुटसिद्धांतात करणींचा भागाकार असाच सांगितला. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे बाराव्या शतकात, नियम असा आहे : भाजकातल्या हव्या त्या एका करणीचं चिन्ह उलटं करा, त्यानं भाज्य आणि भाजक दोन्ही गुणा, आणि भाजकात एकच करणी उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. 'करणी' हा शब्दही जुना, आपलाच. ते लोक मूळचिन्हाऐवजी करणीतला 'क' लिहायचे. त्याहूनही जुन्या शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या नियमांच्या ग्रंथांत, वेदीचं क्षेत्रफळ दुप्पट करणाऱ्या बाजूला द्विकरणी म्हटलं आहे. तुझा √२ तोच.

'पुन्हा पुन्हा' हे शब्द नीट बघ, कारण तुमच्या क्लासमध्ये तिथपर्यंत जात नसतील. १/(१ + √२ + √३) घे. √३ चं चिन्ह उलटं करून (१ + √२ − √३) नं गुण. छेदात (१ + √२)² − ३ येतं, म्हणजे १ + २√२ + २ − ३ = २√२. एकाच फटक्यात तीन पदांचं एक झालं. आता वर-खाली √२ नं गुण. छेद ४, अंश √२ + २ − √६. संपलं. √२ चं चिन्ह आधी उलटं केलं असतंस तरी उत्तर हेच, फक्त वाट लांबली असती. करून बघ किती लांबते ते.

चुका कुठे होतात ते तुला वेगळं सांगत नाही. एकच सांगते : गुणायचं वर आणि खाली दोन्हीकडे. नुसत्या छेदाला गुणणारे माझ्या वर्गात दरवर्षी निघायचे, आणि त्यांचं हस्ताक्षर नेमकं सुरेख असायचं.

प्रश्न : १/∛२ चं परिमेयीकरण करताना ∛२ नं गुणलं, तर छेद ∛४ आला. चुकलं कुठे? (कुर्ला)

उत्तर : गुणाकार बरोबर, गुणक तोकडा पडला. वर्गमूळ सुटायला जोडी लागते, घनमूळ सुटायला तिघं लागतात. तुमच्याकडे छेदात ∛२ एकच आहे, आणखी दोन हवेत, म्हणून ∛४ नं गुणा. छेद ∛८ म्हणजे २, उत्तर ∛४/२. छेद ∛२ − १ असा असेल तर मात्र नुसतं चिन्ह बदलून भागणार नाही. तिथे दोन घनांच्या वजाबाकीचं सूत्र लागतं : ∛४ + ∛२ + १ नं गुणलं की छेद २ − १, म्हणजे १. उत्तर ∛४ + ∛२ + १, छेदच गायब.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. नातवाच्या स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकात हे उदाहरण आहे : १/(√१ + √२) + १/(√२ + √३) + १/(√३ + √४) + … असं १/(√९९ + √१००) पर्यंत. नव्व्याण्णव पदं! नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही आयुष्यभर बेरजा केल्या, करा. मी चौथ्या पदाशी थांबलो. (मुलुंड)

उत्तर : काका, चौथ्या पदापर्यंत गेलात हेच खूप. पण बेरीज करूच नका, आधी प्रत्येक पदाचं परिमेयीकरण करा. १/(√२ + √३) चा छेद ३ − २ = १ होतो आणि उरतं √३ − √२. प्रत्येक पदात हेच, कारण मुळांखालच्या संख्या लागोपाठच्या आहेत, वजाबाकी नेहमी १. म्हणजे बेरीज अशी झाली : (√२ − √१) + (√३ − √२) + (√४ − √३) + … + (√१०० − √९९). √२ पहिल्या डब्यात चढला, दुसऱ्यात उतरला. √३ दुसऱ्यात चढला, तिसऱ्यात उतरला. मुलुंडहून सीएसएमटीला जाताना मधल्या स्टेशनांवर किती चढले-उतरले याच्याशी तुम्हाला काय करायचंय? सुरुवातीचा √१ आणि शेवटचा √१०० एवढेच राहिले. १० − १ = ९.

बँकेच्या पासबुकाचंही असंच आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार. वर्षभराच्या नोंदींची बेरीज करा, नाहीतर शेवटची शिल्लक वजा सुरुवातीची शिल्लक करा. नातवाला उलट प्रश्न घाला : बेरीज १९ यायला हवी असेल तर शेवटचं पद कोणतं? त्याला रविवारपर्यंत वेळ द्या.

प्रश्न : धाकटा मुलगा नववीत, मोठा अकरावी सायन्सला. धाकट्याचे सर सांगतात करणी छेदातून काढून वर न्या. मोठ्याच्या क्लासमध्ये परवा नेमकं उलटं केलं, करणी अंशातून काढून खाली नेली. जेवताना दोघांचं भांडण. आणि माझं म्हणणं असं की खिशात मोबाइल असताना हवंय कशाला हे वर-खाली? माझं हार्डवेअरचं दुकान आहे, कॅल्क्युलेटर दिवसभर चालतो, करणी कधी लागली नाही. (अंधेरी)

उत्तर : दोन्ही सर बरोबर आहेत. अवजड कपाट कुठे सरकवायचं हे लादी कुठली पुसायची आहे त्यावर ठरतं. धाकट्याला छेदानं भागायचं आहे, म्हणून छेद मोकळा हवा. मोठ्याच्या उदाहरणात घोटाळा अंशात आहे.

त्याचं उदाहरण साधारण असं असणार : (√(९ + ह) − ३)/ह, आणि ह शून्याच्या जवळ जवळ न्यायचा. ह ऐवजी सरळ ० घातलं तर ०/०, म्हणजे हाती काहीच नाही. वर-खाली √(९ + ह) + ३ नं गुणलं की अंशात ९ + ह − ९, म्हणजे नुसता ह. तो खालच्या ह बरोबर कटला. राहिलं १/(√(९ + ह) + ३). आता ह शून्याकडे जाऊ दे, उत्तर १/६. करणी खाली गेली, छेदात बसली, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. या १/६ चा उपयोगही आहे : ९ मध्ये १ वाढवला तर वर्गमूळ ३ वरून अंदाजे १/६ नं वाढतं, म्हणून √१० सुमारे ३.१६७. खरं ३.१६२. तोंडी अंदाज म्हणून वाईट नाही.

आता तुमचा कॅल्क्युलेटर. गल्ल्याजवळ साधा आठ आकडी असेल तर तोच घ्या. मोबाइल जास्त आकडे दाखवतो, त्यामुळे गंमत लगेच दिसणार नाही. १०००१ चं वर्गमूळ काढा. १००.००४९९ दिसेल (काही यंत्रं शेवटचा आकडा वर ओढून १००.००५ दाखवतात). त्यातून १०० वजा करा. उरलं ०.००४९९. आठ आकडी यंत्र, पण कामाचे आकडे तीनच, कारण पाच जागा त्या १०० नं आणि मागच्या दोन शून्यांनी अडवल्या होत्या, आणि १०० वजा झाले तेव्हा त्या जागांत दाखवायला काही उरलं नाही. खरं उत्तर ०.००४९९९८७५.

तेच गणित मोठ्या मुलाच्या पद्धतीनं करा. √१०००१ − १०० ला अनुबद्ध जोडीनं गुणा-भागा. अंश १०००१ − १०००० म्हणजे १, छेद √१०००१ + १००. पुन्हा त्याच यंत्रावर १००.००४९९ मध्ये १०० मिळवा, २००.००४९९, आणि १ ला त्यानं भागा. ०.००४९९९८ दिसेल. यंत्र तेच, बटणंही तीच, आणि कामाचे आकडे तिनाचे पाच झाले. दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी करायची वेळ आली की संगणकाची आज्ञावली लिहिणारेही हाच मार्ग धरतात, कारण यंत्र कितीही मोठं असलं तरी त्याच्या आकड्यांना कुठेतरी कुंपण असतंच.

आज दुकान बंद करण्याआधी दोन्ही पद्धती करून बघा, दोन्ही उत्तरं बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहा, आणि जेवताना धाकट्यासमोर ठेवा. मोठ्याला मध्ये बोलू देऊ नका.